एक स्टेशन अलीकडे

मुंबईत घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही. बजेट तो शिकवतं. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८, कर्जत १००. रेल्वेने हे अंतर किलोमीटरमध्ये मोजलं, घर घेणारा ते लाखांमध्ये मोजतो. दादरचे भाव तो निव्वळ करमणूक म्हणून वाचतो. मुलुंडला जरा गंभीर होतो. ठाण्याला त्याचा आवाज खाली येतो, डोंबिवलीला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला जातो आणि बदलापूरला उतरल्यावर तो छाती भरून श्वास घेत म्हणतो, "हवा काय सुंदर आहे नाही इथली!" हवेचं कौतुक ज्या स्टेशनवर सुरू होतं, तिथे बजेट बसलं असं खुशाल समजावं.

पश्चिम रेल्वेवाल्यांनी हेच बोरिवली, भाईंदर, वसई, विरार असं वाचावं. दुःख तेच, फक्त प्लॅटफॉर्म वेगळा.

या सगळ्या शोधाशोधीतून एक नियम हाती लागतो. चांगली वस्ती नेहमी आपल्या बजेटच्या एक स्टेशन अलीकडे असते. साठ लाखवाल्याला पंच्याहत्तर लाखांची वस्ती आवडते. पंच्याहत्तर लाख जमवून तो पोचतो, तोवर ती वस्ती नव्वदची झालेली असते. कोटीवाला सव्वा कोटीच्या बाल्कनीकडे बघून उसासे टाकतो, आणि तीन कोटी खिशात असलेला माणूस पार्ल्यात टिळक मंदिराच्या आसपास फिरून आला की दोन दिवस जेवत नाही. म्हणजे घर घेताना गरीब वाटण्याचा हक्क या महानगरात सर्वांना समान आहे.

पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून अलीकडच्याने पलीकडच्याला "एवढ्या लांब?" असं विचारण्याची प्रथा अखंड चालू आहे. गिरगावच्या चाळीतला माणूस दादरला राहायला गेला तेव्हा चाळीने त्याला परदेशी धाडावं तसा निरोप दिला. दादरवाल्याचा मुलगा मुलुंडला गेला तेव्हा दादरने डोक्याला हात लावला. मुलुंडने डोंबिवलीला नावं ठेवली, डोंबिवलीने बदलापूरला. बदलापूरकर सध्या वांगणीत फ्लॅट घेणाऱ्या मेहुण्याला विचारतात, "अरे, पण तिकडून अपडाऊन कसं करणार तू?" या प्रश्नातली काळजी खरी असते, फक्त तिच्यात थोडं समाधान मिसळलेलं असतं.

प्रत्येक घरात एक काका असतात, ज्यांना ऐंशीच्या दशकात घोडबंदर रोडला कवडीमोलाने जागा मिळत होती. त्यांनी ती घेतली नाही, कारण 'तेव्हा तिकडे संध्याकाळी सहानंतर रिक्षावाला यायला तयार नसे.' आजही संध्याकाळी सहानंतर रिक्षावाला तिकडे यायला तयार नसतो. पूर्वी तो अंधाराला घाबरायचा, आता ट्रॅफिकला घाबरतो. जागा न घेतल्याच्या या एका अनुभवावर काका गेली चाळीस वर्षं कुटुंबाचे स्थावर मालमत्ता सल्लागार आहेत. आपण डोंबिवली म्हटलं की ते म्हणतात, "वेडा आहेस का? शहापूरला घे. दहा वर्षांनी मला सांगशील." दहा वर्षांनी आपण सांगायला गेलो तर काका खर्डीला घे म्हणतात.

चांगली वस्ती म्हणजे काय, यावरही घरात एकमत नसतं. आईला चालत जाता येईल असं देऊळ, ताजी भाजी आणि बरा डॉक्टर हवा. बायकोला स्टेशन आणि पाळणाघर जवळ हवं. ही दोन्ही एकाच दिशेला असावीत, ही तिची अट शहररचनाकारांच्या अजून ध्यानात आलेली नाही. मुलाला टर्फ हवं. बाबांना वाचनालय हवं, तेही पहिल्या मजल्यावर नको, कारण गुडघे. आणि ज्याच्या पगारातून हप्ता जाणार आहे त्याला काय हवं, हे विचारायचं सगळ्यांच्या राहून जातं. हप्ता भरणारा हा घरातला एकमेव माणूस असा की जो त्या घरात सर्वांत कमी वेळ असणार आहे.

आता हिशेब. समजा, ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या महापालिकेच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेला साठ लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. साठ लाख ही किंमत नसते, ती प्रस्तावना असते. बँक त्यावर ऐंशी टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज देते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ४१ हजार ६०० होतो. उरलेले १२ लाख आपले. शिवाय साठ लाखांवर सात टक्के मुद्रांक शुल्क, ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. किंमत ४५ लाखांच्या वर आहे म्हणून जीएसटी एक टक्का नाही, पाच टक्के: तीन लाख. म्हणजे साडेएकोणीस लाख खिशातून, आणि अजून पार्किंग, आगाऊ मेन्टेनन्स, एजंटची दलाली, ग्रिल आणि वास्तुशांतीचे गुरुजी यायचेत. गुरुजी सोडले तर यांतला कुणीही घासाघीस करून ऐकत नाही.

याच टप्प्यावर अनेक पुरुषांना स्त्री-पुरुष समानतेचा साक्षात्कार होतो. महाराष्ट्रात घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते; साठ लाखांवर रोख साठ हजार. लग्नानंतर बायकोच्या नावावर साधी सायकलही न घेतलेला गृहस्थ एकदम म्हणतो, "मी पहिल्यापासून म्हणतोय, घर बाईच्याच नावावर हवं." बायको चहा गाळत विचारते, "आणि कर्ज?" त्यावर तो कर्ज मात्र दोघांच्या नावावर असावं, अशी संसारातल्या भागीदारीची उदात्त मांडणी करतो.

मग जाहिराती वाचायला घ्याव्यात. मुंबईची खरी उंची समुद्रसपाटीवरून मोजत नाहीत, बिल्डरच्या ब्रोशरवरून मोजतात. तिथे लोअर परळ रातोरात 'अप्पर वरळी' होतं, वडाळ्यात 'न्यू कफ परेड' उगवतं, भिवंडीच्या वाटेवर 'अप्पर ठाणे' लागतं आणि तळोजाला 'अप्पर खारघर' म्हणतात. आपल्या बजेटला जे एक स्टेशन गाठता येत नाही, ते ब्रोशर आपल्यापर्यंत आणून पोचवतं. पण ते फक्त कागदावर. रेल्वे मात्र अजून जुन्याच नावाचं तिकीट देते.

ब्रोशर विसरून साइटवर जावं, तर तिथे सॅम्पल फ्लॅट असतो. बाहेर जुलैचा चिखल, आत एसी आणि मंद सुगंध. दारात चपला काढून पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावतात; रुग्णालयातल्या आयसीयूनंतर एवढी सोय इथेच. हॉलमध्ये पाऊल टाकलं की बायको म्हणते, "मोठा वाटतोय रे!" वाटतोयच. कारण एक संपूर्ण भिंत आरशाची आहे, एक काचेची आहे आणि एकाही खोलीला दार नाही. दार लावलं तर ते उघडायला जागा लागते, आणि ती दाखवायची नसते. बेडरूममध्ये भातुकलीतला वाटावा असा पलंग. त्याच्या बाजूला उभं राहिल्यावर आपणच उगाच धिप्पाड वाटू लागतो. आमच्या ओळखीतल्या एका सहा फुटी गृहस्थांनी शंका येऊन त्या पलंगावर अंग टाकून बघितलं, तर पोटऱ्यांपासून पुढचे पाय ड्राय बाल्कनीच्या दिशेने मोकळे. सेल्सवाली मुलगी धावत आली. "सर, तो फक्त डिस्प्लेसाठी आहे!" गृहस्थ उठून शर्ट नीट करत म्हणाले, "मग मॅडम, झोपायचा कुठला?"

स्वयंपाकघरात फ्रिज नसतो, कारण फ्रिज ठेवला की स्वयंपाकघर नसतं. कपाटं नसतात. वॉशिंग मशिन नसतं. देवघर नसतं. दाराबाहेर चपलांचं स्टँड नसतं. थोडक्यात, सॅम्पल फ्लॅट हे अशा कुटुंबाचं घर असतं, ज्याच्याकडे काहीच सामान नाही, कुणी पाहुणा येत नाही आणि ज्याला अजून मुलंबाळंही नाहीत. अशा कुटुंबाला मुळात वन बीएचकेची गरज काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र सरकारचे आभार मानायला हवेत. २०१७ च्या मे महिन्यात बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा सुरू झालं आणि फ्लॅट कार्पेट एरियावर विकणं बंधनकारक झालं. त्याआधी बिल्टअप आणि सुपर बिल्टअप नावाचे दोन जादूगार होते. त्यांच्या हिशेबात जिना, लिफ्ट, लॉबी आणि वॉचमनची खुर्ची यांतलाही वाटा आपल्या नावावर चढायचा. हजार फुटांचे पैसे मोजून माणूस साडेसहाशे फुटांत शिरायचा आणि उरलेले साडेतीनशे फूट आयुष्यभर शोधत राहायचा. आता प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की ताबा कधी द्यायचं कबूल केलंय, ती तारीख बदलली का, प्रकल्पावर कोर्टकचेरी आहे का, हे घरबसल्या दिसतं. जाहिरातीवर क्यूआर कोडही असतो. लोक तो स्कॅन करत नाहीत. ते क्लबहाउसचं चित्र झूम करून बघतात.

क्लबहाउसचा विषय निघालाच आहे तर: स्विमिंग पूल, जिम, योगा डेक, मिनी थिएटर, ज्येष्ठ नागरिक कट्टा अशा पस्तीस-चाळीस सुविधांची यादी असते. तिच्यात पाणी हा शब्द फक्त स्विमिंग पूलच्या संदर्भात येतो. नळाच्या पाण्याबद्दल विचारलं की एजंट म्हणतो, "चोवीस तास, सर." हे खोटं नसतं. टाकीत पाणी असेपर्यंत ते चोवीस तासच येतं. टाकीत ते कुठून येतं, हे गेटजवळच्या रस्त्यावरच्या टँकरच्या चाकोऱ्या सांगतात. त्यांना दलाली मिळत नाही, म्हणून त्या खरं बोलतात.

एजंट हा मात्र उगाच बदनाम झालेला प्राणी आहे. "स्टेशनपासून पाच मिनिटं," असं तो म्हणतो तेव्हा तो बहुधा खरंच सांगत असतो. फक्त तो आपल्याला रविवारी दुपारी दीड वाजता नेतो, त्याच्या गाडीतून नेतो, आणि त्या वेळी सगळी डोंबिवली वरणभात जेवून आडवी झालेली असते. तेच अंतर सोमवारी सकाळी आठ वाजता शेअर रिक्षाच्या रांगेतून मोजायचं असतं. रिक्षात मागे तिघे बसले की चालक पुढे सरकून चौथ्याला म्हणतो, "बसा ना साहेब, आरामात." हा चौथा साहेब अर्धा रिक्षात असतो, अर्धा महापालिकेच्या हद्दीत. उजव्या हातात लॅपटॉपची बॅग, डाव्या हाताने चालकाच्या सीटचा दांडा, गुडघा बाहेर आणि ओठांवर रामरक्षा. ही पाच मिनिटं कोणत्याही ब्रोशरमध्ये छापलेली नसतात, आणि पुढची वीस वर्षं, दिवसातून दोनदा, हीच जगायची असतात.

गावं तरी किती स्वभावाची! डोंबिवलीला संस्कृती आहे. फडके रोड आहे, जिथे दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून अख्खी तरुणाई एकमेकांना बघायला जमते. गुढीपाडव्याची शोभायात्रा आहे. २०१७ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच झालं. शिवाय एमआयडीसी आहे, त्यामुळे निसर्गही रंगीत. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. इतर गावांना रंगपंचमीची वाट बघावी लागते.

ठाण्याला तलाव आहेत आणि येऊरचं जंगल आहे. घोडबंदर रोडच्या ब्रोशरमध्ये 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द असतातच, आणि निसर्गही त्याला जागतो. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरला आणि नंतर जवळच्या हॉटेलच्या आवारात पकडला गेला. बिचारा वाहतुकीमुळे वेळेत घरी पोचू शकला नसावा, असं त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचं मत पडलं.

नवी मुंबईत रुंद रस्ते, नीट आखलेले सेक्टर आणि 'येणार' हा शब्द. तिथला फ्लॅट आज विकत घ्यायचा आणि भाव उद्याचा द्यायचा, अशी पद्धत आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली २०२३ च्या नोव्हेंबरात. विमानतळाची चर्चा नव्वदच्या दशकात सुरू झाली. उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं. विमानतळ येणार म्हणून ज्यांनी उमेदीत फ्लॅट घेतले, त्यांना तो आल्यावर व्हीलचेअरची सोय विनामूल्य मिळेल. तरी तो आला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण 'येणार' असलेल्या सगळ्याच गोष्टी येत नाहीत; त्यांचा भाव मात्र आधीच वसूल झालेला असतो.

बदलापूरला उल्हास नदी आहे, डोंगर आहेत, पावसाळ्यात धबधबे आहेत. 'रिव्हर व्ह्यू' हा शब्द इथे जपून वाचावा. २६ जुलै २००५ ला नदी स्वतःच घरं बघायला आली होती. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. म्हणून नदी कुठे आहे हे बघून भागत नाही, त्या दोन्ही जुलैंत ती कुठपर्यंत आली होती हेही विचारावं. तळमजल्यावरचा किराणावाला भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. त्या बोटाच्या वरचा मजला घ्यावा.

या सगळ्यांपेक्षा एक कसोटी रोजच्या प्रवाशांना पाठ असते आणि एकाही एजंटला सुचत नाही. तुमच्या स्टेशनवरून गाडी सुटते का? नुसती थांबणारी गाडी वेगळी आणि सुटणारी गाडी वेगळी. डोंबिवली लोकल, बदलापूर लोकल, टिटवाळा लोकल ही ज्यांच्या गावाच्या नावाची गाडी आहे, ती माणसं वेळेवर पोचली तर बसून जातात. मधल्या स्टेशनांतल्यांना नशिबी लटकणं. काही धूर्त मंडळी उलट दिशेने दोन-तीन स्टेशनं मागे जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. म्हणजे मुंबईला जायला आधी कर्जतकडे जावं लागतं. घर स्वस्तात मिळालं म्हणून लांब आलेला माणूस, बसायला मिळावं म्हणून आणखी लांब जातो. याला मध्य रेल्वेवर व्यवहारज्ञान म्हणतात. पश्चिम रेल्वेवर विरार फास्टमध्ये चढणाऱ्या बोरिवलीकराला जे ऐकून घ्यावं लागतं, ते छापण्याजोगं नसतं.

रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात तर तिथे घर तुम्ही बघत नाही, सोसायटी तुम्हाला बघते. सेक्रेटरी चष्म्यावरून पाहत विचारतात, "फॅमिली किती जण? कुत्रा वगैरे? नॉनव्हेज?" यांतल्या शेवटच्या प्रश्नाला कायदेशीर आधार नसतो, पण आवाज असतो. अशा वेळी आमच्या एका स्नेह्यांनी दिलेलं उत्तर वापरण्याजोगं आहे. ते म्हणाले, "श्रावणात कडक शाकाहारी. बाकी अकरा महिने तुम्हीही जेवायला या."

आणि वस्तीची खरी माहिती हवी असेल तर सेक्रेटरी नको, इस्त्रीवाला गाठावा. गेटजवळच्या टपरीत कोळशाची इस्त्री घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला सगळं ठाऊक असतं. कोणत्या विंगमध्ये पाणी कमी येतं, हे त्याला धुऊन येणाऱ्या कपड्यांच्या ढिगावरून कळतं. कुठे भाडेकरू वाढले, हे शर्टांच्या मापांवरून. लिफ्टबद्दल विचारलं तर तो गठ्ठा खांद्यावर टाकत म्हणतो, "ए विंगला लिफ्ट आहे साहेब. बी विंगला मी आहे." एवढी नेमकी माहिती कुठल्याही सरकारी पोर्टलवर नाही.

शेवटी एकदाचं घर ठरतं. मग नातेवाइकांना सांगायचं असतं. दादरच्या आत्या म्हणतात, "अगं बाई! म्हणजे तुमच्याकडे यायचं तर डबा बांधूनच निघायला हवं." त्या कधी येत नाहीत, हा त्या घराचा एक लाभ, तो ब्रोशरमध्ये छापायचा राहून गेलेला असतो. लग्नाच्या बाजारात प्रश्न जरा थेट असतो. "मुलाचं स्वतःचं घर आहे." "अरे वा! कुठे?" "कल्याणला." "कल्याणला म्हणजे कल्याणलाच, की कल्याणच्या पुढे?" इथे मुलाचे वडील खोकतात. आंबिवली आणि टिटवाळा ही दोन गावं खोकल्यात बसतात. आसनगावला पाणी मागवावं लागतं. याउलट गावी साताऱ्याला किंवा राजापूरला बातमी जाते ती एकाच वाक्यात: "त्यानं मुंबईला घर घेतलं." गाव स्टेशन विचारत नाही. पेढे वाटतं आणि पुढच्या मुलाखतीला येणाऱ्या दोन पुतण्यांची सोय लावून टाकतं.

आता, घर शोधायला निघालेल्या वाचकाला एवढंच सांगणं आहे. रविवारी बघू नका. सोमवारी सकाळी आठला बघा आणि संध्याकाळी साडेसातला पुन्हा बघा. डिसेंबरात बघू नका, जुलैत बघा, आणि छत्री न्या, गमबूट न्या, पण एजंटची गाडी नको. महारेराचा क्रमांक घरी बसून तपासा. तयार घर असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, डोळ्यांनी पाहा. ओसी मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही, आणि ओसी 'येत्या पंधरा दिवसांत' मिळणार असेल तर पंधरा दिवस थांबा. बहुधा फार काळ थांबावं लागेल आणि त्यातच तुमचं उत्तर मिळेल. हप्ता पगाराच्या किती टक्के हे बघताना गाडीत गेलेले तासही पगारातून वजा करा. एक स्टेशन अलीकडे छोटं घर आणि एक स्टेशन पलीकडे मोठं घर यांत अडकलात, तर छोटं घ्या. खोलीत कपाट मावत नसेल तर सुताराला बोलावता येतं. स्टेशन जवळ आणून देणारा सुतार अजून जन्माला आलेला नाही.